भाडे धरून ठेवण्याचे गणित



गेल्या पावसाळ्यातील एका बुधवारची गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, पण नववीतील एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभी राहिली. ‘सर, एक गणित आहे. पण ते पुस्तकातले नाही,’ ती म्हणाली.

गणित असे होते. तिची थोरली बहीण गुवाहाटीला शिकते. तिच्या पदवीदान समारंभाला आई, वडील आणि ही स्वतः, अशा तिघांनी पुण्याहून जायचे घरात ठरत होते. रेल्वेने जाण्यातच सुमारे दोन दिवस जातात आणि वडिलांना रजा मिळाली तरी ती मोजकीच मिळणार. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विमानाने जाण्याचा विचार चालला होता. वडील एका कारखान्यात पाळीने काम करतात. रजा मंजूर होते की नाही हे शुक्रवारी कळणार होते आणि वडील नाहीत तर कोणीच जायचे नाही, असे आईने सांगून टाकले होते. तिकीट माणशी ६,००० रुपये दिसत होते. त्याच पडद्यावर खाली आणखी एक ओळ होती : प्रत्येक तिकिटामागे ३०० रुपये भरा, आम्ही हा दर ४८ तास तुमच्यासाठी धरून ठेवू. हे ३०० रुपये परत मिळणार नव्हते आणि तिकिटाच्या किमतीतून वजाही होणार नव्हते.

‘आई म्हणते, तिघांचे नऊशे रुपये नुसते धरून ठेवायला कशाला द्यायचे? बाबा म्हणतात, शुक्रवारी भाव चढला तर? सर, कोणाचे बरोबर?’

मला चटकन उत्तर देता आले नाही. संभाव्यतेच्या धड्यात आपण नाणी उडवतो, फासे टाकतो, पिशवीतून लाल-पांढरे चेंडू काढतो. त्याच धड्यातील साधने या प्रश्नाला लागू पडतात. म्हणून त्या दिवशी आम्ही दोघांनी कागदावर जे मांडले ते तुमच्यापुढे ठेवतो. दर आणि शुल्क त्या दिवशी पडद्यावर दिसत होते. बाकीचे काही आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून घेतले आहेत.

प्रथम हे पाहू, की ३०० रुपये देऊन नेमके विकत काय घेतले जाते. गावाकडे बैलाचा किंवा जमिनीचा व्यवहार ठरला की इसार देतात. इसार दिला की सौदा बांधला गेला. पुढे ती रक्कम किमतीत धरली जाते आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार बुडतो. भाडे धरून ठेवण्याचे शुल्क इसारासारखे दिसते, पण त्यात मोठा फरक आहे. येथे विकणारा बांधला जातो, घेणारा बांधला जात नाही. शुक्रवारी दर ७,६०० झाला तरी कंपनीने तुम्हाला ६,००० मध्येच तिकीट दिले पाहिजे. दर ५,६०० वर उतरला तर मात्र तुम्ही धरलेला दर सोडून देऊन नव्या दराने तिकीट काढू शकता. जायचेच रद्द झाले तर काहीच घ्यायला नको. थोडक्यात, ३०० रुपये ही एका मुभेची किंमत आहे. मुभा वापरायची सक्ती नाही.

आता तिच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, आजच तिकिटे काढणे. दुसरी, शुल्क भरून दर धरून ठेवणे. तिसरी, काहीही न करता शुक्रवारपर्यंत थांबणे.

या वाटांची तुलना करायला दोन अनिश्चित गोष्टींना आकडे द्यावे लागतात. रजा मिळेल काय? वडिलांनी आजवर मागितलेल्या रजा तिने आईला विचारून आठवल्या. दहापैकी आठ वेळा मंजूर झाल्या होत्या. दहा हा आकडा फार लहान आहे हे खरे, पण हाती तेवढाच होता. म्हणून जाणे होण्याची संभाव्यता ४/५ धरली. दुसरी गोष्ट म्हणजे शुक्रवारचा दर. आठवडाभर तिने रोज संध्याकाळी दर पाहून वहीत लिहून ठेवले होते. (ही सवय मला फार आवडली.) त्यावरून आम्ही असे धरले : १/४ संभाव्यता की दर ७,६०० होईल, १/२ संभाव्यता की ६,००० च राहील आणि १/४ संभाव्यता की ५,६०० वर येईल. दोन नाणी एकदम उडवल्यासारखेच हे आहे. दोन्ही छापे पडले तर दर चढला, दोन्ही काटे पडले तर उतरला, एक छापा आणि एक काटा असेल तर होता तेथेच.

आता एका तिकिटामागे प्रत्येक वाटेने सरासरी किती जादा खर्च येईल ते काढू. जादा म्हणजे, जाणे झाले तर ६,००० आणि न झाले तर शून्य, या आदर्श खर्चाहून अधिक.

आज तिकीट काढले आणि जाणे झाले, तर जादा काहीच नाही. पण रजा नाकारली गेली तर तिकीट रद्द करावे लागेल आणि त्या तिकिटाच्या अटींप्रमाणे ३,५०० रुपये कापले जातील असे धरू. हे पाचांतून एकदा घडेल. म्हणून सरासरी जादा खर्च ३,५०० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ७०० रुपये.

नुसते थांबले तर रजा न मिळाल्यास काहीच गेले नाही. रजा मिळाली तर १/४ वेळा १,६०० जास्त द्यावे लागतील आणि १/४ वेळा ४०० वाचतील. म्हणजे सरासरी ४०० वजा १०० = ३००. पण हे पाचांतून चारदाच लागू. म्हणून २४० रुपये.

दर धरून ठेवला तर ३०० रुपये गेलेच. पण दर उतरल्यास नव्या दराने तिकीट घेता येते. त्यातून रजा मिळाल्यास सरासरी १०० रुपये वाचतात, ते पाचांतून चार वेळा, म्हणजे ८०. म्हणून ३०० वजा ८० = २२० रुपये.

७००, २४०, २२०. दर धरून ठेवणे सर्वांत स्वस्त पडले, पण थांबण्यापेक्षा फक्त २० रुपयांनी. माझी विद्यार्थिनी जराशी हिरमुसली. तिला ठसठशीत उत्तर हवे होते.

त्याच उत्तराकडे आणखी सोप्या रीतीने जाता येते, आणि ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. धरून ठेवणे आणि थांबणे यांत फरक पडतो तो फक्त एकाच प्रसंगी : रजा मिळाली आणि शिवाय दर चढला तर. इतर सर्व प्रसंगी दोघांना तिकिटासाठी सारखेच पैसे पडतात. त्या प्रसंगाची संभाव्यता ४/५ × १/४ = १/५. त्या वेळी वाचतात १,६०० रुपये. म्हणून मुभेचे सरासरी मोल १,६०० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ३२० रुपये. मागितलेली किंमत ३००. घेणे परवडते, पण जेमतेम. (दोन संभाव्यतांचा असा गुणाकार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली : कारखान्यातील रजा आणि विमानाचा दर यांचा एकमेकांशी संबंध नाही. ऐन दिवाळीत हे गृहीत टिकले नसते. तेव्हा रजाही सर्वांना हव्या असतात आणि विमानेही भरलेली असतात.)

आता रजेची संभाव्यता बदलून पाहा. ती स मानू. थांबण्याचा जादा खर्च ३००स, धरून ठेवण्याचा ३०० − १००स, आजच घेण्याचा ३,५००(१ − स). तिन्ही सरळ रेषा आहेत, आलेखाच्या कागदावर काढून पाहा. स हा ३/४ हून कमी असेल तर थांबणे बरे. ३/४ पासून सुमारे ०.९४ पर्यंत धरून ठेवणे बरे. त्याहून जास्त असेल तर सरळ तिकीट काढावे. जाणे अगदी पक्के असेल, म्हणजे स = १, तर आज घेण्याचा जादा खर्च शून्य आणि धरून ठेवण्याचा २०० रुपये.

यातून एक गोष्ट दिसते, जी त्या पडद्यावरील जाहिरातीवरून कळत नाही. जाहिरात भाव चढण्याची भीती दाखवते. पण नुसती भाव चढण्याचीच भीती असेल तर त्यावर उपाय तिकीट काढून टाकणे हा आहे, त्याला शुल्क पडत नाही. धरून ठेवण्याचे शुल्क खरे उपयोगी पडते ते आपले स्वतःचेच जाणे डळमळीत असेल तेव्हा, आणि तेही फार डळमळीत नसेल तेव्हाच. मधल्या एका पट्ट्यात.

पण दर असा अचानक उडी का मारतो? बाजारात कांदा हळूहळू महागतो, विमानाचे तिकीट मात्र जिन्याच्या पायऱ्या चढते. याचे कारण कंपनीच्या बाजूचे गणित. एकाच विमानातील सारख्या खुर्च्या कंपनी निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटून ठेवते. स्वस्त गटातील जागा संपल्या, किंवा कंपनीने तो गट बंद केला, की पुढची पायरी. तिघांची तिकिटे हवी आहेत आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या आहेत, असे असले तर पुष्कळदा तिघांनाही वरचा दर दाखवला जातो. एकेकट्याचा दर पाहिला तर तो कमी दिसतो. माणसे याला लबाडी समजतात. ती बहुधा पायरीची अडचण असते.

गट केव्हा बंद करायचा? १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी यासाठी एक साधा नियम मांडला. समजा, स्वस्त दर ६,००० आहे आणि अगदी शेवटी, घाईने येणारा प्रवासी ९,००० देईल. एक खुर्ची आज ६,००० ला विकावी की त्या घाईच्या प्रवाशासाठी राखून ठेवावी? तो येण्याची संभाव्यता २/३ हून अधिक असेल तर राखून ठेवावी, कारण ९,००० चे दोन तृतीयांश म्हणजे ६,०००. संभाव्यता त्याहून कमी असेल तर आजच विकावी. पाहा, आपण पडद्याच्या अलीकडे बसून जो गुणाकार केला तोच कंपनी पलीकडे बसून करत असते. फरक एवढाच, की आपल्या विद्यार्थिनीकडे दहा रजांची आठवण होती आणि कंपनीकडे वर्षानुवर्षांच्या उड्डाणांची नोंद असते. तुमची तीन तिकिटे ४८ तास धरून ठेवली तर तेवढा वेळ त्या खुर्च्यांबाबत कंपनीचे हात बांधले जातात. शुल्क त्याचे असते.

येथे मी तिला एक प्रश्न विचारला, जो खरे तर आधी विचारायला हवा होता : फुकटची वाट आहे का? अमेरिकेत २०१२ पासून असा नियम आहे, की प्रवासाला सात दिवस किंवा अधिक अवकाश असेल तर विमान कंपनीने आपल्याकडे थेट आलेल्या प्रवाशासाठी २४ तास दर विनामूल्य धरून ठेवावा, नाहीतर काढलेले तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करू द्यावे. भारतातही २०१६ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी साधारण अशीच २४ तासांची मुभा आणली. प्रवास सात दिवसांच्या आत असेल तर तेव्हा ती लागू नव्हती. असल्या नियमांची मुदत व अटी बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीच्या अटी वाचाव्यात. फुकट मिळणाऱ्या मुदतीत आपली अनिश्चितता मिटणार असेल तर शुल्क भरण्याचा प्रश्नच राहत नाही. येथे निकाल शुक्रवारी लागणार होता आणि आज बुधवार. २४ तास अपुरे होते. गुरुवारी कळणार असते, तर तिकिटे काढून ठेवणे हेच उत्तर झाले असते.

तर, २० रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कोणती वाट धरायची? सरासरी येथे पुरे सांगत नाही. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून, आणि १६५७ साली हायगेन्सच्या पुस्तिकेतून अपेक्षित मूल्याचे हे गणित आकाराला आले. त्यात प्रत्येक रुपया दुसऱ्या रुपयाइतकाच मोलाचा धरला जातो. १७३८ साली डॅनियल बर्नूली याने दाखवले, की माणूस तसे मानत नाही आणि तसे मानणे शहाणपणाचेही नाही. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला हजार रुपये जाण्याचा चटका मोठा बसतो. विमा हप्त्याची रक्कम सरासरी नुकसानीपेक्षा जास्त असूनही लोक तो उतरवतात, ते याचमुळे.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरात या प्रवासासाठी २०,००० रुपये काढून ठेवलेले होते. तिकिटांचे १८,००० आणि वरखर्चाला दोन. परतीचा खर्च बहीण करणार होती. दर चढला तर तिकिटांचेच २२,८०० होणार, म्हणजे जाणेच रद्द. थांबण्याच्या वाटेवर वाईटात वाईट काय, तर एका तिकिटामागे १,६०० चा फटका आणि बहिणीचा समारंभ चुकणे. धरून ठेवण्याच्या वाटेवर वाईटात वाईट काय, तर ३०० रुपये जाणे. सरासरी जवळजवळ सारखी असताना हा फरक पाहावा. शेजारच्या बंगल्यातील डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला असता तर मी म्हणालो असतो, कोणतीही वाट धरा. २० रुपयांसाठी डोके खपवू नका.

ही मुभा विकत घेण्याची कल्पना फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात थेलीसची एक गोष्ट सांगितली आहे. गरिबीवरून लोक थेलीसला हिणवत. आकाशातील निरीक्षणांवरून त्याला वाटले, की येत्या हंगामात ऑलिव्हचे पीक भरघोस येणार. हिवाळ्यातच त्याने मायलीटस आणि किऑस येथील सर्व तेलघाण्या थोडथोडी रक्कम देऊन आपल्या नावे अडकवून ठेवल्या. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हते, म्हणून त्या स्वस्तात मिळाल्या. पीक आले, घाण्यांसाठी झुंबड उडाली आणि थेलीसने त्या मनमानी दराने भाड्याने दिल्या. आपल्या कोकणात व्यापारी आंब्याची बाग मोहोरावरच घेतात, त्याची काहींना येथे आठवण होईल. पण तो व्यवहार निराळा. बाग घेतली की घेतली, अवकाळी पावसाने मोहोर झडला तरी नुकसान त्या व्यापाऱ्याचे. थेलीसची कल्पना मुभेची म्हणून सांगितली जाते : पीक बुडाले असते तर गेली असती ती फक्त आगाऊ दिलेली रक्कम.

अशा मुभेची योग्य किंमत किती, हे शोधायला मात्र फार काळ लागला. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए याने आपल्या प्रबंधात भावांचे चढउतार संभाव्यतेच्या भाषेत मांडले. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी शेअर बाजारातील मुभांच्या किमतीचे सूत्र दिले आणि त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी ते विस्ताराने मांडले. मर्टन व शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते. त्या सूत्राचे गणित तुमच्या इयत्तेच्या पुढचे आहे. पण त्याचा एक निष्कर्ष आपल्या दोन नाण्यांवरही दिसतो. चढउतार दुप्पट करा : दर ९,२०० होईल किंवा ५,२०० होईल, संभाव्यता त्याच. आता मुभेने वाचणारे पैसे ३,२००, म्हणून रजेची संभाव्यता ३/४ नव्हे तर ३/८ असली तरी शुल्क देणे परवडते. भाव जितका अस्थिर, तितकी मुभा मोलाची. भाव मुळी हलतच नसेल तर तिची किंमत शून्य.

त्यांनी नऊशे रुपये भरले. शुक्रवारी रजा मंजूर झाली. विमानाचा दर पाहिला तर ६,०००, जसाच्या तसा. आई म्हणाली, ‘बघ, गेले की नाही नऊशे रुपये पाण्यात!’ सोमवारी विद्यार्थिनीने हे मला जरा अपराधी चेहऱ्याने सांगितले. मी तिला आमचा कागद पुन्हा काढायला लावला. मुभा कामी येण्याची संभाव्यता त्यावर किती लिहिली होती? १/५. म्हणजे पाचांतून चार वेळा ती ‘पाण्यात जाणार’ हे बुधवारीच ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनच तिची किंमत ३२० ठरली होती. निर्णय बुधवारच्या माहितीवर घेतला गेला. शुक्रवारची माहिती वापरून त्याला चूक ठरवता येत नाही. मात्र दहापैकी आठ रजा हा अंदाज फुगवलेला असता, किंवा दर चढण्याची संभाव्यता नुसत्या भीतीपोटी १/४ धरली असती, तर ती चूक झाली असती, आणि तीही बुधवारचीच. तिने हे आईला पटवून सांगितले की नाही, मला माहीत नाही. गुवाहाटीचे फोटो मात्र वर्गात सर्वांना दाखवले.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. एका डब्यात पाच चिठ्ठ्या ठेवा, चारांवर ‘रजा’ आणि एकीवर ‘नाही’. वर्गाचे तीन गट करा, प्रत्येकाला एक वाट द्या. दर वेळी एक चिठ्ठी काढून परत टाका, दोन नाणी उडवा आणि प्रत्येक गटाने आपला जादा खर्च फळ्यावर लिहावा. दहा डावांत कोणताही गट पुढे असू शकेल. शंभर डावांत आजच तिकीट काढणारा गट मागे पडलेला दिसेल. पण २२० आणि २४० मधील फरक स्पष्ट दिसायला शंभर डावही पुरणार नाहीत. किती पुरतील याचा अंदाज वरच्या वर्गातील मुलांनी करावा.

आणि घरी सोडवायला एक उदाहरण. समजा, धरून ठेवण्याचे ३०० रुपये, त्याच दराने तिकीट घेतल्यास, किमतीतून वजा होतात. बाकी सर्व आकडे तेच. तर स किती असताना कोणती वाट बरी?

(उत्तर : धरून ठेवण्याचा जादा खर्च ३०० − ३२५स. स हा ०.४८ हून अधिक असेल तर धरून ठेवणे बरे, कमी असेल तर थांबणे बरे. आजच तिकीट काढणे कधीच सर्वांत स्वस्त पडत नाही, अगदी जाणे पक्के असले तरी. असे का, ते दर उतरण्याच्या प्रसंगाचा हिशेब मांडून पाहा.)